नऊ नंबरची सोबतीण

दमनहूर शहरातल्या सरकारी इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात, प्रत्येक पेशंटजवळ घरचं एक माणूस राहतं. कूस बदलणं, भरवणं, बेडपॅन देणं, सगळं त्याच्याच गळ्यात. कारण बावीस खाटांना सिस्टर एकच. ती म्हणजे इन्शिराह. लुळ्या माणसाला दर दोन तासांनी वळवलं नाही तर आठवड्यात पाठ सडते, हे ती चौदा वर्षं घसा फोडून सांगत आली होती. आता तिचीच आई अर्धांगवायूनं दहा नंबरच्या खाटेवर पडली होती, आणि सोबतीला बसवायला घरात दुसरं कुत्रंही नव्हतं.

चौथ्या दिवशी आईच्या माकडहाडावर लाल चट्टा दिसला. बोटानं दाबला तरी फिका पडेना. याचा अर्थ इन्शिराहला पुरता ठाऊक होता.

शेजारच्या नऊ नंबरच्या तहियाबाई वर्षभर पडून होत्या, पण अंगावर एक फोड नव्हता. त्यांची सोबतीण काळ्या कपड्यातली, अबोल. दुपारी बाकीच्या बाया जेवायला खाली उतरत, पंखे तेवढे कुरकुरत राहत, तेव्हाही ही जागची हलत नसे.

"तुझ्या हाताला गुण आहे गं बाई," इन्शिराह तिच्याजवळ जाऊन म्हणाली. "एवढं कर, माझ्या आईलाही वळवत जा. मी कुठे कुठे पुरी पडू?"

सोबतिणीनं मान वर केली नाही. "माझ्या हवाली करतेस?"

"केली हो, केली! देवानंतर तूच."

तीन दिवसांत चट्टा गेला. आई मात्र बोलेनाशी झाली, लेकीकडे बघेनाशी झाली. इन्शिराहला ते दिसत होतं. पण कित्येक दिवसांनी तिला चहा गरम प्यायला मिळत होता, म्हणून तिनं विचारलं नाही.

शुक्रवारी तहियाबाई गेल्या. झाडूवाली उम्म साबिर त्यांची चादर गोळा करत होती.

"सुटली बिचारी. वर्षभरात कुणी फिरकलं नाही."

"असं कसं? तिची सोबतीण होती की."

"कसली सोबतीण? रोज दोनदा फरशी पुसते मी इथली. मला वाटायचं, तूच वळवतेस तिला!"

इन्शिराहनं त्याच दिवशी रजा टाकली. शेजाऱ्यांनी आईला उचलून, तीन जिने चढवून घरी आणलं. आता तिला कुणाचा हात लागू द्यायचा नाही, असं तिनं ठरवलं.

तिसऱ्या प्रहराची अजान झाली. तिनं आईला खिडकीकडे वळवलं, पाठीशी उशी लावली आणि बडीशेपेचं पाणी उकळायला गेली. परत आली तर आई भिंतीकडे तोंड करून होती. गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी, चादरीला सुरकुती नाही. इतकं नेटकं तर तिलाही जमलं नसतं.

"आई… तू वळलीस?"

"माझं बोट तरी हलतं का?" आईचा आवाज ओठांच्या एका कोपऱ्यातून आला. "हात फार गार आहेत गं तिचे… जा म्हटलं, तर जात नाही. म्हणते, जिनं दिली तिनं परत मागावी."

इन्शिराहनं हातातला पेला खाली ठेवला. "मागते! माझी आई मला परत दे…"

खोलीत काही हललं नाही. ओल्या फडक्यासारखा वास मात्र आला.

"ती विचारतेय…" आई कुजबुजली. "हिच्या बदल्यात कोण?"

"कोणी नाही!" इन्शिराह ओरडली. पण मन का कुणाचं ऐकतं? वॉर्डातली चार नंबरच्या खाटेवरची म्हातारी तिच्या डोळ्यांपुढे आली. एकटी, रोज दुवा देणारी. इन्शिराहनं तोंड दोन्ही हातांनी गच्च दाबून धरलं.

"चालेल म्हणते," आई भिंतीला म्हणाली.