भोंगा तपासायचं गाणं

गेल्या माघातली गोष्ट. महागावजवळच्या एका खेड्यात लग्नाचा भोंगा लावायला गेलो होतो, भर दुपारी. बोंडअळीनं कापूस खाल्ला तरी लग्नं थांबत नाहीत, आणि लग्न म्हटलं की धर्मपालचा, म्हणजे माझा, भोंगा आलाच.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. बौद्धांच्या मांडवात पहिलं वाजतं ते भीमगीत, मुसलमानांकडे नात, म्हणजे पैगंबरांचं स्तुतिगीत, बाकीच्यांकडे आरती. मग भोंगा तपासायचा कशावर? जे कोणाचंच नाही, त्यावर. दारव्ह्याच्या जफरभाई भंगारवाल्यानं दिलेली एक अमेरिकन तबकडी मी त्यासाठीच ठेवलीय. पन्नासेक वर्षांपूर्वी तिच्यावरचं गाणं तिकडे म्हणे फार गाजलं होतं. आता त्या गाणाऱ्याला त्याच्या गल्लीतही कोणी विचारत नसेल. लेबलावरचं नावसुद्धा पुसलंय. मधोमध एक चरा आहे, तिथे सुई उडते आणि एक ओळ गळते. ती ओळ माझा धाकटा भाऊ इंद्रजित माईकवर भरायचा, मनानंच रचून. इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं लेकाला!

त्या माघाआधीच्या भादव्यात लग्नं नव्हती. "बसून काय खाशीन?" म्हणत मीच त्याला कपाशीच्या फवारणीला धाडलं. तिसऱ्या दिवशी तो झोकांड्या खात घरी आला. डोळे लाल, तोंडाला फेस, आणि जड जिभेनं तीच ओळ चाललेली.

"दादा, पाणी दे... मले दिसून नाही राह्यलं..."

"पेऊन आला नं? उतरल्यावर ये," म्हणालो, आणि त्याच्या खोलीला बाहेरून कडी घातली.

सकाळी त्याच्या गार पडलेल्या अंगाला फवारणीच्या औषधाचा वास होता. दारूचा नव्हता. झोपेत गेला, असं मी सगळ्यांना सांगितलं. खोलीला पुन्हा कडी घातली ती उघडलीच नाही.

तर त्या दुपारी, तो गेल्यावर पहिल्यांदाच, तबकडी लावली. चऱ्यापाशी सुई उडाली... आणि भोंग्यातून ओळ आली. जड जिभेची, ओढून ओढून म्हटलेली. पाठोपाठ फवारणीच्या औषधाचा उग्र वास. मी घाईनं सुई उचलली. गाणं थांबलं, ओळ थांबली नाही.

नवरीची आजी, इंदूबाई, तणतणत आली.

"कोण हाय रे माईकवर? पेलेला माणूस कायले आणला लग्नात? हाकल त्याले!"

"पेलेला नाही तो, माय..." पाच महिने उशिरा माझ्या तोंडून निघालं. "औषध लागलं त्याले."

"मंग पाणी तरी दे!"

भोंगा गप्प झाला. तांब्या घेऊन मी मंचावर गेलो. तिथे कोणी नव्हतं. माईक अजून पेटीतच होता.

दिवस मावळायच्या आत घरी पोचलो. तांब्या भरला, इंद्रजितच्या खोलीची बाहेरची कडी काढली आणि दार ढकललं.

कडी आतून लागलेली होती.