भुंडी शेळी कुणी नेली?

कपाट रिकामं होतं.

सुमैरा मुल्लानं दार लावलं, पुन्हा उघडलं. भुंडी नव्हतीच. "या अल्लाह! आता आजींना काय तोंड दाखवू?"

भुंडी म्हणजे गुणमाला आजींनी स्वतः शिवलेली कापडाची पांढरी शेळी. तिच्यावरच आजींनी पोरांसाठी गोष्टींची पुस्तकं लिहिली. ती वाचून मोठे झालेले सांगली-साताऱ्याचे वाचक आपापल्या पोरांना घेऊन उद्या जमणार होते. भडंग खायचं, आजींशी गप्पा मारायच्या, बास. ना व्यासपीठ, ना हारतुरे. पण असल्या साध्या बेतांनाच जास्त फाटे फुटतात. साताऱ्यात घ्या, सांगलीत घ्या, चहा नको ताक ठेवा! महिनाभर ग्रुपवर नुसती जुंपली होती. वर्गातली पोरं परवडली, असं सुमैरा मास्तरीणबाईंना झालं होतं.

त्यात आजींची अट. थकलेल्या आजी फारशा घराबाहेर पडत नव्हत्या. "भुंडी मांडीवर असली तरच लोकांत ईन," त्या म्हणाल्या होत्या, आणि कार्यक्रमाच्या जागी आधी नेऊन ठेवायला विश्वासानं ती सुमैराच्या हवाली केली होती. भुंडी नाही तर आजी नाहीत.

जागा सांगलीतली, जवाहरकाका चौगुल्यांची. पुढं बैठकीची खोली, मागं हळदीचं गोदाम. सुमैरा भडंग सांगायला बाहेर गेली तेव्हा तिथं तिघंच होते. काका, त्यांची सून दीपाली आणि साताऱ्याहून आलेला विश्वजीत.

"कपाटाची किल्ली कुठं असते, काका?"

"खिळ्याला. समद्यांना म्हाईत हाय. बाई, ती शेळी काय सोन्याची हाय व्हय, चोरायला?"

"दीपाली, मागं गोदामात कोण गेलं होतं?"

"आम्ही सगळेच. मी पाण्याला, मामंजी पोती बघायला, विश्वजीतभाऊ फोटो काढायला."

"आवं ताई, माझ्यावर संशय?" विश्वजीत उखडला. "लोकांसाठी स्ट्रॉबेरीची पेटी घेऊन आलो, त्याचं हे फळ?"

"कार्यक्रम साताऱ्यात न्या म्हणून सगळ्यात जास्त कोण भांडलं होतं?"

"भांडलो म्हणून काय चोर झालो?"

सुमैरा पाय आपटत मागं गेली. एका पोत्याचं तोंड उघडं होतं आणि भोवती हळदीची पूड सांडली होती. मोरीपाशी कपडे धुवायच्या साबणाची वडी ओली होती. तिला पांढरे धागे चिकटले होते. बादलीच्या तळाला लालसर पाणी होतं.

"रगत!" मागून दीपाली ओरडली.

"चिंध्यांच्या शेळीला रक्त कुठलं गं? डोकं नको उठवू माझं. इथं कपडे कोण धुतं?"

"कुणीच नाही. वडी हात धुवायला ठेवलीय."

सुमैरा पुढच्या खोलीत आली. विश्वजीतच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर लाल डाग होता. "हा कसला?"

"स्ट्रॉबेरीचा. दुसरा कसला असणार?"

"दीपाली, सरबताची लिंबं आणलीत ना? एक काप."

फोड आली. विश्वजीतनं हात मागं घेतला. सुमैरानं तो धरला आणि वर्गातल्या आवाजात म्हणाली, "हलायचं नाही." मग डागावर लिंबू पिळलं.

लाल डाग पिवळाधमक झाला.

"स्ट्रॉबेरी पिवळी होत नाही," सुमैरा म्हणाली. "हळद होते. हळदीला साबण लागला की ती लाल, लिंबू लागलं की पुन्हा पिवळी. म्हणजे भुंडी हळदीत पडली आणि कुणीतरी तिला साबणानं घासली. कुणी? काका जन्मभर हळदीत आहेत, ते साबणाला हात लावणार नाहीत. दीपाली घरचं धुणं धुते, तिलाही ठाऊक आहे. हळद कोरडी झटकायची आणि कापड उन्हात टाकायचं. साबण लावला तो अशा माणसानं, ज्यानं जन्मात स्वतःचा सदरा धुतला नाही. विश्वजीत, तुमच्या घरी धुणं कोण धुतं?"

"आधी आई," तो पुटपुटला. "आता बायको."

जवाहरकाका खो खो हसले. विश्वजीतनं खिशातून गाडीची किल्ली काढली.

"पोत्यावर ठिवून फोटो काढत हुतो. 'भुंडी साताऱ्याला निघाली' म्हणून ग्रुपवर टाकायचा हुता, नुसती गंमत. सटकली आन् पडली हळदीत. घासायला गेलो तर गळ्यापाशी लालभडक! गाडीच्या डिकीत हाय ती. तशीच दुसरी शिवून घेणार हुतो."

"उद्यापर्यंत? शिवायचं मशीन तरी बघितलंय का कधी? अहो, मला सांगायला काय जीभ झडली होती? सगळ्यांवर संशय घ्यायला लावलात मला!" सुमैराच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं.

तो डिकी उघडून भुंडीला घेऊन आला, तोच दारात रिक्षा थांबली. आजी उद्या बसायची खोली बघायला आल्या होत्या. जैनांच्या रिवाजानं दिवस मावळायच्या आत घरी जाऊन जेवायचं, म्हणून आत्ताच.

आजींनी भुंडी मांडीवर घेतली आणि लाल गळ्यावरून हात फिरवत राहिल्या.

"कुणी केलं?"

"मी, आजी," विश्वजीत म्हणाला. "चुकलं माझं. डिकीत लपवली हुती."

"आजी, येणार ना उद्या?" सुमैरानं विचारलं.

"ईन की. पण गोष्ट मी न्हाई सांगायची." आजींनी विश्वजीतकडं बोट केलं. "भुंडी लाल कशी झाली, ही गोष्ट ह्यो सांगंल. पोरांम्होरं हुबा ऱ्हाऊन. आन् डिकीतलं गाळायचं न्हाई."

"आजी, लय पोरं येणार हायती वो!"

"मग जरा मोठ्यानं सांग," आजी म्हणाल्या.