हवा कुठनं वढतीया

आपल्या यल्लाप्पा मिस्त्रीला तुम्ही पोरं ओळखता. बावीस वर्षं फौजेत गाड्या दुरुस्त केल्या, मग कवठे महांकाळला येऊन गॅरेज टाकलं. पिणारा नव्हे, थापा मारणारा तर नव्हेच. गोष्ट त्याची आहे. दोन हजार चोवीस साल, मे महिन्याची सतरा तारीख, शुक्रवार.

दिवस कलताना मांडववाला धनाजी एक जुनी मोटार घेऊन आला. नवरदेवाला मिरवायला म्हणून त्यानं ती नुकतीच पाटणकडून आणली होती. उद्या नऊला वरात, आणि गाडी उभी राहिली की थरथरत होती, पाय सोडला की फटाके फोडत होती.

यल्लाप्पानं इंजिन गार होऊ दिलं. जेवून दहाला तो एकटाच कामाला लागला. आधी प्लग पुसले, पॉइंट घासले, टायमिंग बघितलं. कार्बोरेटर खोलून जेट फुंकले, परत बसवले. गाडी चालू केली. तीच थरथर. मधेच कार्बोरेटरच्या तोंडातून फट्. स्क्रू पिळला, सोडला, काही फरक नाही. मग त्यानं ओळखलं, हवा भलतीकडूनच आत जातीय.

असली गळती डोळ्यांना दिसत नाही, कानांनी धरावी लागते. त्यानं हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानाला लावलं, दुसरं कार्बोरेटरखालच्या पॅकिंगभोवती फिरवलं.

सूऽऽ... सापडलं.

पण तो आवाज सलग नव्हता. आत ओढायचा. थांबायचा. परत ओढायचा, मोठ्या कष्टानं.

त्यानं इंजिन बंद केलं.

आवाज चालूच.

घड्याळात साडेअकरा वाजले होते. रस्त्यावर वर्दळ नव्हती. पण मिस्त्रीची खोड जात नाही. गळती कुठं आहे ते बघितल्याशिवाय तो सोडणारा नव्हता. नळीचं टोक पॅकिंगपासून बाजूला नेलं. आवाज कमी झाला नाही. उलट वाढला. बॉनेटवरून मागं... पुढच्या दारापाशी जास्त. मागच्या डाव्या दारापाशी... अगदी कानात.

बाईमाणसाचा श्वास होता तो. छातीत घरघर. हवा आत जात नव्हती.

दार बंद. मागची सीट रिकामी.

नळी कानापासून काढायला त्यानं हात उचलला. आणि त्या घरघरीतून शब्द आले. थकलेले. सावकाश.

"कराड... आलं का?"

कवठे महांकाळात उभी गाडी. कराड कुठल्या कुठं.

फौजेत यल्लाप्पानं जखमी पोरांना गाडीत घालून नेलं होतं. त्यांतली काही पोरं असंच विचारायची. त्यांना काय सांगायचं असतं, ते त्याला पाठ होतं.

"आलं, बाई," तो म्हणाला. "आलं बघा."

श्वास थांबला.

नळीत काहीच नाही...

यल्लाप्पानं गाडीकडं पाठ केली नाही. पाठीमागे सरकत बाहेर आला, शटर ओढलं, कुलूप घातलं आणि सकाळपर्यंत एसटी स्टँडवर बसून राहिला.

सातला धनाजी तिथंच भेटला. यल्लाप्पानं एवढंच विचारलं, गाडी कुणाची होती. धनाजीनं मान खाली घातली. कोयनानगरच्या एका माणसाची. त्याच्या बायकोला दमा. एका रात्री तिला कराडच्या दवाखान्यात नेत होते. वळणावळणाच्या रस्त्यात गाडी तीनदा बंद पडली, तीनदा चालू झाली. चौथ्यांदा झाली नाही.

"मागं बसली हुती, मिस्त्री. शेवटपतुर नवऱ्याला एकच इचारत हुती म्हनं..."

यल्लाप्पानं हात वर केला. "फुडचं सांगू नगंस."

मग त्यानं विचारलं, "मला काल का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुमी हात लावला असता व्हय?"

नवरदेव दुसऱ्याच कुणाच्या जीपमधून गेला. दोघं गॅरेजवर आले. कुलूप होतं तसं होतं. शटर वर केलं.

मोटारीचं मागचं डावं दार सताड उघडं होतं. आत सीटच्या रेक्झिनवर एक खड्डा पडला होता, माणूस बसून उठल्यावर पडतो तसा.

आणि दोघांच्या देखत तो खड्डा हळूहळू भरत वर येत होता.