मोजता येणारा श्वास

सेनगावहून हिंगोलीला निघालेल्या जीपमध्ये सपनाला खिडकीजवळची जागा मिळाली खरी, पण शेजारचा तरुण सारखा पुटपुटत होता.

"वॉटर, अनकाउंटेबल. मिल्क, अनकाउंटेबल. एअर..."

बाहेर परतीचा पाऊस भुरभुरत होता. कापलेल्या सोयाबीनचा ओला वास आत येत होता. सपनानं ओढणीआड हसू दाबलं, पण त्याला ते दिसलंच.

"हसता काहून?"

"पाणी मोजता येत न्हाई म्हणता म्हणून. आमच्या घरी तर हंडे मोजून भरतात."

"हंडे मोजता तुमी, पाणी न्हाई." तो तिच्याकडे वळला. "पाणी आपलं वाहून राहिलं... त्यात एक कुठं संपतं अन् दुसरं कुठं सुरू होतं?"

"मग रक्त? मी नर्स हाय. रक्त आमी रोज मोजतो."

"पिशव्या मोजता, सिस्टर."

इतकी वर्षं सपनानं रक्त हाताळलं, पण हे कधी तिच्या मनातच आलं नव्हतं.

त्याचं नाव रणजीत राठोड. हिंगोलीच्या एका शाळेत त्याला आज नमुना पाठ घ्यायचा होता. विषय होता इंग्रजी नामांचे प्रकार. "जमलं तर मास्तर होईन," तो म्हणाला. "आमच्या तांड्यातून इंग्रजीचा मास्तर अजून कोणी झाला न्हाई." कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर पाण्याचा थेंब पडू नये म्हणून तो अंग चोरून बसला होता.

तेवढ्यात मागच्या सीटवरची गरोदर बाई कळवळली. सपनानं वळून तिच्या पोटावर हात ठेवला आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "गाडी थांबवा! दवाखान्यापर्यंत वेळ न्हाई."

गडीमाणसं पावसात उतरली. बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरला. बाळ आलं... पण रडेना. सपनानं त्याचं तोंड पुसलं, पाठ चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या.

मग एक बारीक, चिडका आवाज आला. बाळ रडलं!

"कोरडं कापड द्या कोणी!"

सगळ्यांचं सगळं भिजलेलं. जीपच्या ताडपत्रीखाली अंग चोरून उभ्या रणजीतनं एका क्षणात अंगातला कोरडा शर्ट काढून आत दिला. सपनानं नाळ बांधून कापली, बाळ त्यात गुंडाळलं आणि त्याच्याच हातात ठेवलं. "मला आईकडं बघायचंय. तुमी घड्याळ लावून ह्याचे श्वास मोजा. चुकू नका, मास्तर!"

तो मोजू लागला. मग मध्येच थांबला.

"सिस्टर..."

"काय झालं?" तिनं झटकन वळून पाहिलं.

"काही न्हाई. श्वास बराबर चालून राहिले." त्याची नजर बाळावरून हलेना. "पन बघा ना. हवा मोजता येत न्हाई कुणाला. ती एवढ्याशा छातीत शिरली की... श्वास होते. अन् मग मोजता येते."

सपना बघतच राहिली. किती लेकरांचे श्वास तिनं मोजले होते! पण पांढऱ्या शर्टाच्या घडीतून वर-खाली होणारी ती इवलीशी छाती आज तिला पहिल्यांदाच दिसत होती, आणि तिच्यावर वाकलेले ते दोन ओले डोळेही.

दवाखान्यात पोचले तेव्हा त्याच्या पाठाची वेळ टळून गेली होती. "जा ना लवकर! पाया पडते!" सपनानं त्याला ढकललंच. ड्रायव्हरचा ढगळ शर्ट चढवून तो पळाला.

संध्याकाळी तो दवाखान्यात परत आला, तोच शर्ट घालून, धापा टाकत. "घेऊ दिला पाठ! पोरांना श्वास रोखून धरायला लावले, मग सोडून मोजायला लावले. हेडमास्तरबी मोजत बसले. सोमवारपासून या म्हणले!"

"मग पेढे कुठायत?"

"आणतो. पन आता तुमाला सिस्टर म्हणायचं न्हाई मला."

"मग काय म्हणायचं?"

"तेच इचारून राहिलो..."

"सपना," ती हळूच म्हणाली.

"अरे! हे तर अॅब्स्ट्रॅक्ट नाउन. हाती न लागणारं."

"माणसाचं नाव झालं की प्रॉपर नाउन होतं, मास्तर. एवढं मलाबी येतं."

मग हिवाळाभर स्टँडवरचा चहा झाला, फोन झाले. पण मनातलं कुणीच बोललं नाही. ती बौद्ध घरची, तो बंजारा तांड्यावरचा. घरचे काय म्हणतील, या धाकानं दोघंही शब्द गिळत राहिले.

आणि एका सकाळी सपनाच्या उपकेंद्रात एक बाई येऊन बसल्या. हातभर बांगड्या, डोक्यावर पदर. "बीपी बघ, बाई."

सपनानं पट्टा बांधला, स्टेथोस्कोप कानाला लावला.

"मी मिराबाई. रणजीतची आई," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "पोरगं धड जेवून नाही राहिलं. लोकांचं आमी मोठी माणसं बघू. तुला पसंत हाय का, तेवढं सांग."

कानात ठोके धडधडत होते... मिराबाईंचे की स्वतःचे, सपनाला कळेना. "व्हय," ती म्हणाली. तिचं तिलाही ऐकू आलं नाही.

मिराबाईंना मात्र आलं. त्यांनी खिडकीकडे मान वळवली.

"ये रे आत, रणजीत! भिजल्या कोंबडीवानी बाहेर काहून उभा? हिच्या घरी कधी जायचं, ते इचारून घे."