दहा सेंटीमीटरची भानगड

"कान झाका!" बाबा शेडमधून ओरडले. "आणि धुराच्या नळीसमोर कुणी उभं राहू नका. भोंग्या, तुला वेगळं सांगायला हवं का?"

शेजारचा भोंगा टुणकन बाजूला झाला. त्याचा साधा आवाजसुद्धा चार घरं पलीकडे ऐकू जायचा, म्हणून त्याचं नाव भोंगा.

इंजिन आधी खोकलं, मग शिंकलं आणि मग असं गरजलं की शेडचे पत्रे थरथरले आणि भिंतीवर टांगलेले नटबोल्टचे तीन पाने खाली पडले!

"चालू झालं! बाबा, चालू झालं!" बारा वर्षांची मुलगी उड्या मारत ओरडली. तिला सगळे कानस म्हणत. कानस म्हणजे लोखंड घासायचं खरबरीत हत्यार. लेकीची जीभ ऐकून बाबांनीच ते नाव ठेवलं होतं.

"पण काका, याला बॉनेट कधी लावणार?" तिची चुलत बहीण शंका हिने विचारलं. तिला दिवसाला किमान पन्नास शंका यायच्या.

"कधीच नाही," बाबा इंजिन बंद करत म्हणाले. "हॉट रॉड आहे ही. जुन्या मोटारीच्या अंगात नवा दम! इंजिन लपवायचं नाही, मिरवायचं."

बाबा एका कारखान्यात लोखंड कातायच्या यंत्रावर, लेथवर, काम करायचे. ही गाडी मात्र त्यांची घरची. तिचा सांगाडा पन्नास वर्षांपूर्वीचा, इंजिन मोडीत निघालेल्या व्हॅनचं, आणि दोघांचं जुळावं म्हणून लागणारा एकही भाग दुकानात मिळत नव्हता. म्हणून कंस, पट्ट्या, नळ्या, सगळं त्यांनी शेडमध्येच कापून, वाकवून, जोडून बनवलं होतं. छप्परही चार बोटं कापून खाली घेतलं होतं. मागची चाकं रुंद, पुढची बारीक. गल्लीतले लोक तिला टोळ म्हणायचे.

"आता राहिला एक शाफ्ट," बाबा गाडीखाली सरपटत म्हणाले. "इंजिन फिरतंय हे मागच्या चाकांना कळायला नको का? कानस, टेपची डबी घेऊन मागे जा."

ती मागच्या चाकांपाशी आडवी झाली. टेपचं टोक बाबांनी पुढे गिअरबॉक्सपाशी धरलं.

"वाच!"

"एकशे बत्तीस, चार!"

"परत वाच."

"एकशे बत्तीस सेंटीमीटर आणि चार मिलिमीटर! बाबा, मला वाचता येतं!"

"तोंडही चालवता येतं," बाबा आतून म्हणाले. आकडा त्यांनी काळ्या वहीत लिहिला. "उद्या नळी कापू."

मग सगळे हात धुवायला पळाले. आईने दारातच अडवून सगळ्यांचे तळवे उलटसुलट करून पाहिले आणि एकट्या बाबांनाच पुन्हा साबण लावायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी बाबा कामावर गेले. दुपारी कारखान्यातूनच त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. ते परत आले नाहीत.

शेडला कुलूप लागलं.

ते उघडलं चार महिन्यांनी, मोठ्या सुटीच्या पहिल्या आठवड्यात. शंकाचे वडील, म्हणजे कानसचे काका, यांनी मनावर घेतलं होतं. "दादाची गाडी मी पुरी करून घेतो," असं म्हणून त्यांनी काळी वही एका गॅरेजवाल्याला दिली. बुधवारी तो नवाकोरा शाफ्ट खांद्यावर टाकून आला, गाडीखाली शिरला आणि पाच मिनिटांत हात झटकत बाहेर आला.

"बसत नाही! दहा सेंटीमीटर लांब होतोय. मापच चुकलंय, साहेब. इंजिन कुठे बसवायचं तेच कळलेलं नाही. हौशी लोकांचं हे असंच असतं."

"शाफ्ट बनवायच्या आधी तुम्ही गाडी मोजली होती?" शंकाने विचारलं.

"मोजायची कशाला? वहीत लिहिलंय ना!"

"ते माप मी वाचलं होतं," कानस पुढे येऊन म्हणाली.

"मग झालं तर. पोरीने चुकीचं वाचलं."

"मी दोनदा वाचलं! मी चुकले नाही आणि बाबाही चुकले नाहीत!"

"मग काय गाडी आटली?" गॅरेजवाला हसला.

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने डोकं काढून घेतलं. "असू दे, बाळा," ते म्हणाले. "दादा कारखान्यात हुशार होता. घरी एकट्याने करताना होतं असं. अशी चुकलेली गाडी ठेवून काय करायचं? शनिवारी सकाळी दहाला भंगारवाल्याचा ट्रक येईल."

"आणि दहाच्या आत ती स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर फाटकाबाहेर आली तर?" कानसने विचारलं.

"तर पुन्हा भंगाराचं नाव काढणार नाही!" काका समजूत घातल्यासारखं हसत म्हणाले.

"ऐकलंत का सगळ्यांनी?" भोंग्याने आरोळी ठोकली. "दहाच्या आत बाहेर आली तर गाडी राहणार! काकांनी शब्द दिलाय!"

गल्लीतल्या सात खिडक्या उघडल्या. काकांचा चेहरा पडला.

"आणि हा शाफ्ट?" शंकाने गॅरेजवाल्याला अगदी साळसूदपणे विचारलं.

"तोही भंगारातच!"

"मग परत कशाला खांद्यावर नेता? राहू द्या इथेच."

त्यालाही ते पटलं. शाफ्ट शेडमध्ये राहिला.

मोठी माणसं गेल्याबरोबर तिघं कामाला लागले. आईच्या शिवणाच्या डब्यातला टेप आणून त्यांनी गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत मोजलं.

"एकशे बावीस, चार," शंका हळूच म्हणाली.

"परत मोज."

"दोनदा मोजलं गं."

कानस तशीच गाडीखाली पडून राहिली. बावीसच्या जागी बत्तीस. एकच आकडा! खरंच आपण चुकीचं वाचलं? बाबांच्या शेवटच्या मापात आपणच घोळ घातला? वर तेलाने काळं झालेलं लोखंड होतं, आणि त्यावर बाबांनी घातलेला जोड इतका सरळ होता की पट्टीने ओढल्यासारखा वाटत होता.

"काहीतरी बोल ना," भोंगा खाली वाकून म्हणाला. "तू गप्प राहिलीस की भीती वाटते."

"मला एक शंका आहे," शंका म्हणाली.

"नवल!"

"थांब रे. या वहीत बाकीचीही मापं आहेत ना? ती सगळी बरोबर आहेत का?"

कानस खाडकन बाहेर आली. रेडिएटरची आडवी नळी वहीत एकाहत्तर होती. मोजली तर एकसष्ट भरली! धुराची नळी वहीत एकशे अठ्ठावन्न, प्रत्यक्षात एकशे अठ्ठेचाळीस! सीटखालची पट्टी, ब्रेकचा दांडा, छपराची चौकट... कानस मोजत गेली, शंका लिहीत गेली. छोटे भाग तेवढे केसभरही चुकलेले नव्हते. लांब भाग मात्र झाडून सगळे दहाने कमी. आणि तरीही गाडीत प्रत्येक भाग चपखल बसलेला!

"म्हणजे तुझ्या बाबांनी सगळंच चुकीचं लिहिलं?" भोंग्याने डोकं खाजवलं.

"चूक कधी जास्त होते, कधी कमी होते," शंका पेन्सिल चावत म्हणाली. "दरवेळी बरोब्बर दहा? ही चूक नाही. ही सवय आहे!"

"छोटे भाग ते व्हर्नियरच्या पकडीत धरून मोजायचे," कानस म्हणाली. "टेप लागायचा तो लांब भागांना. आणि डबी नेहमी माझ्या हातात असायची. टोक त्यांच्या हातात. मी फक्त शेवटचा आकडा वाचायचे! त्यांनी टोक कसं धरलंय ते मी कधीच पाहिलं नाही."

भिंतीवरच्या खिळ्याला बाबांचा निळा डगला अजून लटकत होता. इतके दिवस त्याला कुणी हात लावला नव्हता. कानसने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या खिशात हात घालून टेप बाहेर काढला.

टोकाचा पत्र्याचा हूक पार ढिला झाला होता. मागेपुढे हलत होता. तिथून मोजलं असतं तर दरवेळी दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला असता. आणि थोडं पुढे, दहाच्या खुणेवर, पिवळा रंग घासून पांढरा पडला होता. अंगठ्याएवढ्या जागेत.

"ते दहावर धरायचे!" कानस किंचाळली. "ढिल्या टोकावर भरवसा नको म्हणून शून्य सोडून दहापासून मोजायचे. आणि कापतानाही दहापासूनच कापायचे! म्हणून त्यांना कधी दहा वजा करावेच लागले नाहीत!"

"वही फक्त त्यांना कळणारी होती," शंका म्हणाली.

"म्हणजे तू बरोबर वाचलंस, तुझ्या बाबांनी बरोबर धरलं," भोंगा गरजला, "आणि तो गॅरेजवाला न मोजता बनवून मोकळा झाला!"

धावत जाऊन त्यांनी काकांना सांगितलं. काका फोनवर होते. "पोरांनो, त्याची बारा वर्षं गॅरेजमध्ये गेलीत," एवढंच ते हात हलवून म्हणाले.

"ठीक आहे," कानस म्हणाली. "आपण आपला कापून घेऊ."

गुरुवारी तिघांनी शाफ्टला दोऱ्या बांधून तो सायकलींवरून बाजारामागच्या एका वर्कशॉपमध्ये नेला. तिथे लेथवर एक उंच बाई काम करत होत्या. चष्मा कपाळावर, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"दहा सेंटीमीटर कमी करायचाय," कानस म्हणाली.

"खेळणं आहे का ते?" लेथवाल्या बाईंनी वर न बघताच विचारलं. "शाफ्ट वाकडा जोडला तर गाडी अशी थरथरते की दात पडतात. कुणाचं काम आहे?"

"बाबांचं."

"मग बाबा का नाही आले?"

"ते कामावर असतात. त्यांनीच पाठवलंय."

भोंग्याने तोंड उघडलं. कानसने त्याच्या पायावर पाय दिला.

बाईंनी शाफ्ट फिरवून पाहिला. "दोन्ही टोकांचे हे जोडाचे कान एका रेषेत राहायला हवेत, हे माहीत आहे का तुमच्या बाबांना?"

"आहे! मलाही माहीत आहे. म्हणून कापायच्या आधी मी नळीवर सरळ रेघ मारून आणलीय. ही बघा."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. रेघ पाहिली, मग मुलीकडे पाहिलं. "उद्या दुपारी या. आणि मजुरी म्हणून आत्ता हा सगळा लोखंडाचा चुरा झाडायचा. हाताने नाही, ब्रशने! बोटं कापून घेऊ नका."

घरी परतताना शंकाने एकही प्रश्न विचारला नाही.

शुक्रवारी दुपारी कापलेला शाफ्ट आणून, घोडे म्हणतात त्या लोखंडी टेकूंवर चढवलेल्या गाडीखाली तिघं घुसले. शाफ्टचं पुढचं टोक बसलं. मागचं मात्र उचलून धरता धरता भोंग्याचे हात लटपटायला लागले.

"पडतोय! पडतोय रे!"

तेवढ्यात कुणीतरी बाजूने सरपटत आत आलं आणि शाफ्टखाली दोन हात लागले.

"मी धरते," आई म्हणाली. चार महिन्यांत ती पहिल्यांदाच शेडमध्ये आली होती. "लाव बोल्ट. बघतेस काय?"

"आई, तुझी साडी..."

"धुता येते. लाव!"

कानसने चार बोल्ट आवळले. समोरासमोरचे आधी, मग उरलेले. शाफ्ट बसला. ना ओढाताण, ना फट!

शनिवारी साडेनऊलाच ट्रक फाटकाशी येऊन उभा राहिला. काका आले, गॅरेजवाला आला. गल्लीतल्या सातही खिडक्या भरल्या.

"चला, ढकलत आणा बाहेर," काका म्हणाले.

आतून उत्तर आलं ते इंजिनाचं! खोकलं, शिंकलं आणि गरजलं! गॅरेजवाल्याने दचकून ट्रकच्या दाराला धरलं. शेडचं दार उघडलं आणि ती बोडक्या इंजिनाची टोळ हळूहळू, स्वतःच्या जोरावर, फाटकाबाहेर आली. चालवायला आई बसली होती.

"वहिनी!" काकांच्या तोंडून एवढंच निघालं.

"सरका, भाऊजी. ब्रेक नवीन आहे, अजून अंदाज नाही मला."

"दहाला वीस कमी!" भोंगा घड्याळ नाचवत ओरडला.

"मग मी काय नेऊ?" ट्रकवाल्याने विचारलं.

"दहा सेंटीमीटर नळी उरलीय, ती न्या!" कानस म्हणाली.

सगळी गल्ली हसली. शंकाने वही आणि टेप काकांच्या हातात ठेवले आणि सगळं समजावून सांगितलं. काका त्या घासलेल्या दहावर कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिले.

"दादाचं काहीच चुकलं नव्हतं," अखेर ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी न बघता बोललो. पोरांनो, तुम्ही आमच्यापेक्षा शहाणे निघालात." मग गॅरेजवाल्याकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही यापुढे आधी मोजत जा!"

गॅरेजवाला पुटपुटला, "काम चांगलं झालंय," आणि गर्दीत मागे सरकला.

इतक्यात सायकलची घंटी वाजली. लेथवाल्या बाई आल्या होत्या; पत्ता त्यांनी शुक्रवारीच मुलांना विचारून ठेवला होता. त्या सरळ रस्त्यावर आडव्या झाल्या, गाडीखाली डोकावल्या आणि आईला गाडी दोन हात पुढेमागे घ्यायला लावली.

"जराही कंप नाही," त्या उठत म्हणाल्या. मग त्यांची नजर इंजिनाच्या कंसांवर गेली, नळ्यांवर गेली, एकेका जोडावर थांबली. "तीस वर्षं हे काम करतेय मी. असा हात फार थोड्यांना असतो. मुली, बाबांना बोलव तुझ्या. मला त्यांना भेटायचंय."

आईने इंजिन बंद केलं. काका पुढे झाले. "बाई, त्याचं असं आहे..."

"काका, थांबा. मी सांगते."

कानसने हाताचं तेल फडक्याला पुसलं आणि बाईंच्या डोळ्यांत बघितलं.

"मी तुमच्याशी खोटं बोलले," ती म्हणाली. "त्यांनी पाठवलं नव्हतं. बाबा वारले. चार महिने झाले. माझे बाबा वारले. ही गाडी त्यांनी बनवलीय."