कुपवाडात उठलेला अंगठा

“मॅडम, मशीन माझा आंगठा घेत न्हाई, आन पैसं मातुर जात्यात.”

सव्वा महिन्यापूर्वी सांगलीच्या सायबर पोलीस ठाण्यात येऊन अंबूबाई एवढंच म्हणाली होती. उपनिरीक्षक राजेश्वरीच्या कानाला तेव्हा फोन होता. पाळणाघरातून निरोप आला होता, मल्हारला पुन्हा ताप भरलाय. दीड वर्षाचं लेकरू. पर्स उचलता उचलता ती म्हातारीला म्हणाली, “आजी, वय झालं की बोटाच्या रेषा पुसट होतात. पासबुक भरून आणा, मग बघू.”

आज अंबूबाई पासबुक भरून घेऊन आली होती. शिराळ्याच्या अलीकडच्या गावातून, दोन एसट्या बदलून.

सहा वेळा मिळून अठ्ठावन्न हजार गेले होते.

“नवऱ्याची फौजेची पेन्शन साठवल्याली,” ती म्हणाली. “डोळ्याच्या आपरेशनला. काचबिंदू हाय. डाक्टर म्हनला, गेल्याली नजर माघारी येत न्हाई, हाय ती तरी राखाय पायजे. सोमवारची तारीख दिलीया.”

तिच्याबरोबर भाचा होता, विश्वजीत. भावाचा मुलगा. सांगलीतच त्याचं शिक्के आणि लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. त्यानं आत्याला चहा आणून दिला, बशीत ओतून गारही करून दिला. राजेश्वरीला जरा बरं वाटलं. म्हातारीला कुणीतरी आहे.

“त्या धनाजीला आत घ्या, मॅडम,” तो म्हणाला. “गावात अंगठ्यावर पैसे देणारं बँकेचं मशीन त्याच्याकडंच. आत्या दुसरीकडं कुठं जातच न्हाई.”

संध्याकाळी धनाजी समोर उभा होता. गावात त्याला दोन थपडा आधीच बसल्या होत्या.

“अंबूबाईचा अंगठा दोन-दोनदा घेत होतास?”

“दोनदा? पाच-पाच बारी घेतोय, मॅडम! डाव्या आंगठ्याचा शेंडा गेल्या साली कडबाकुट्टीच्या पात्यात गेला तिचा. उजव्याच्या रेषा घासल्यात. कधी मधलं बोट लागतंय, कधी त्ये बी न्हाई. लय येळा म्हातारी मोकळीच माघारी गेलीया.”

“पैसे कमी झालेले तिला कळले कसे?”

“मीच सांगितलं की! बाकी बघितली आन बोललो. चोर आसतो तर बोललो आसतो व्हय?”

शुक्रवारी बँकेचं उत्तर आलं. सहाही वेळा पैसे धनाजीच्या नव्हे, सांगलीशेजारच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीनवरून निघाले होते. मशीन ज्याच्या नावावर, तो कामगार कारखाना सोडून केव्हाच निघून गेलेला. पत्ता खोटा, फोन बंद.

राजेश्वरी तो कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिली. धनाजीच्या मशीनवर अंबूबाईचं बोट दर खेपेला चार-पाचदा नाकारलं गेलं होतं. कुपवाडात सहाही वेळा अंगठा पहिल्याच दाबाला लागला होता.

ती तशीच गाडी काढून अंबूबाईच्या घरी गेली.

“आजी, कुपवाडला कधी गेला होता?”

“कवाच न्हाई.”

“अंगठा कापला जायच्या आधी कुठल्या कागदावर अंगठा दिला होता?”

“हक्कसोड करून दिली तवा. माह्यारच्या रानाची. भनींनी हिस्सा मागायचा नसतोय, बाई. आकारामनं, माझ्या भावानं, साडी-चोळी केली. कचेरीत पानापानावर डावा आंगठा घेतला.”

“आणि बँकेचे मेसेज कुणाच्या फोनवर येतात?”

“ईश्वाच्या, भाच्याच्या. मला कुठं वाचाय येतंय? पेन्शन झाली की त्योच फोन करतोय, आत्या, पैसं आलं म्हून. लय जीव हाय त्याचा.”

राजेश्वरीनं वही मिटली.

शनिवारी तिनं अंबूबाई, धनाजी आणि विश्वजीत या तिघांनाही ठाण्यात बोलावलं.

“चोरानं अंबूबाईंचं बोट वापरलंच नाही,” ती म्हणाली. “आजचं बोट मशीन ओळखत नाही. कुपवाडात जो अंगठा उठला तो धडधाकट होता. म्हणजे कडबाकुट्टीच्या आधीचा. तो एकाच ठिकाणी शिल्लक आहे, हक्कसोडपत्रावर. त्याच कागदावर त्यांचा आधार नंबरही आहे. आणि मूळ कागद भावाच्या घरात.”

“म्हंजे माझ्या बापानं केलं म्हणता?” विश्वजीत उसळला.

“तुमच्या वडिलांना कागदावरच्या ठशावरून रबराचा अंगठा पाडता येतो का? शिक्क्यांचं दुकान तुमचं आहे.”

“सांगलीत पन्नास दुकानं हायत शिक्क्यांची!”

“पैसे आल्याचे मेसेज तुमच्याच फोनवर येतात ना?”

“व्हय. मी वाचून सांगतो आत्याला.”

“मग पैसे गेल्याचे सहा मेसेजही तिथंच आले असतील. ते का नाही वाचून दाखवले?”

विश्वजीतनं हातातला फोन खिशात सरकवला. तेवढ्यात दुकानाच्या झडतीला गेलेल्या हवालदाराचा फोन आला. शाईच्या डब्यांमागं त्या कुपवाडच्या कामगाराच्या नावावरचं मशीन सापडलं होतं.

“परत देणारच व्हतो,” तो पुटपुटला. “मोबाईलवरच्या गेममदी घालवलं सगळं.”

धनाजीनं गालावरून हात फिरवला. अंबूबाईनं भाच्याच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

“मॅडम, केस करू नगा.”

“ते आता माझ्या हातात नाही, आजी. आणि तुम्ही फसवणूक झाली म्हणून सांगितलं, तरच बँक तुमचे पैसे द्यायचा विचार करणार.”

“मग मी सायबापुढं सांगन, पैसं मीच काढलं. आंगठा माझाच हाय.”

“डोळ्याचं काय करणार? सोमवार परवावर आलाय!”

“डोळं काय, आज ना उद्या जायचंच. भावाचं दार बंद झालं तर मी दिवाळीला कुठं जाऊ?”

राजेश्वरीनं तिला समजावलं, दटावलं, शेवटी हात जोडले. स्वतःचे पैसे पुढं केले. म्हातारीनं ते तिच्याच मुठीत दाबून बंद केले. “लेकराला खाऊ न्ये.”

म्हणाली होती तसाच जबाब तिनं दिला. खाली मधलं बोट उठवलं.

सोमवारी राजेश्वरीनं दवाखान्यात फोन लावला. अंबूबाई आली नव्हती. मंगळवारीही नाही.

हे वाचणाऱ्यांकडे राजेश्वरीचं एक मागणं आहे. तुमच्या घरच्या रानावरचा हक्क सोडून साडी-चोळी घेऊन गेलेली एखादी आत्या असेल. आज तिच्याकडे जाऊन या. तिला नीट दिसतंय का, तेवढं बघा.