रूपरावांचा दहावा

ज्यांचा विश्वास नाही त्यांनी खुशाल हसावं. पण त्या दुपारी बोर नदीवर जी माणसं उभी होती, ती यावर कधी हसत नाहीत.

दोन-तीन वर्षांमागचा जानेवारी. सेलूचे रूपराव शेतातून आले, खाटेवर टेकले...

ते उठलेच नाहीत.

त्यांची एकुलती एक लेक आचल तेव्हा फिनलंडमधल्या एका लहानशा शहरात शिकत होती. पुढे तळं, मागे जंगल, रस्त्यावर चिटपाखरू नाही. फोटो पाहून सगळे हरखले होते. रूपरावांचा जीव मात्र टांगणीला. एवढ्या शांततेत पोर एकटी राहील कशी, हाच घोर.

आचलची परीक्षा चालू होती. वडीलधाऱ्यांनी ठरवलं, एवढ्यात तिला कळवायचं नाही. तिच्या आईनं, प्रमिलाबाईंनी, नुसती मान हलवली. नवरा गेल्यापासून त्यांना रडूही येत नव्हतं.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला.

कावळा शिवेना.

कावळे झाडावर होते. ओरडत नव्हते. नुसते बघत होते...

शेत पडीक ठेवणार नाही, असं सांगून झालं. प्रमिलाबाईंना अंतर देणार नाही, असंही झालं. ऊन डोक्यावर आलं. शेवटी थोरले भाऊ पुंडलिकराव कावून हात जोडून म्हणाले, "रूपा, पोरीत जीव अडकला अशीन तं जा बाप्पा. तिच्यापाशी राह्यजो."

लगेच...

कावळा शिवला.

सुटला बिचारा, म्हणत लोक घरी आले. अशा वेळी गेलेल्याला वचन द्यायचं असतं. त्याला कुठे धाडायचं नसतं. पण हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

संध्याकाळी आचलचा व्हिडिओ कॉल आला. बाबा कुठे आहेत, हे ती रोज विचारायची.

त्या दिवशी विचारलं नाही.

तिच्या मजल्यावर दुसरं कुणी राहत नव्हतं. तरी तिच्या मागच्या बंद दाराबाहेर कुणीतरी...

खाकरलं.

घरात शिरताना बायकांना चाहूल द्यायला रूपराव उंबऱ्यावर अस्सेच खाकरायचे.

आचलनं वळूनही पाहिलं नाही. "आई, मले आता इथं भेव नाई लागत," ती म्हणाली.

प्रमिलाबाईंना भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. आत सगळं बधिर होतं.

परीक्षा संपली त्या दिवशी त्यांनी लेकीला खरं सांगून टाकलं. "बाबा गेले, बाई. तू घरी येजो. मले तुह्याबिगर कोनी नाई."

आचल रडली नाही.

"मले माईत हाय, आई. पन मी कशी येऊ? त्यायले इथं कोनी ओयखत नाई. एकटे पडतीन ना."

शिक्षण झालं. तिनं तिकडेच नोकरी धरली.

पुंडलिकराव पुन्हा नदीवर जाऊन आले. रूपा, परत ये म्हणून हात जोडले. झाडावर एकही कावळा नव्हता.

मागच्या थंडीत प्रमिलाबाईंनी पार्सल पाठवलं. तिखट, पापड, आणि रूपरावांचा स्वेटर. पाठवू नका, असं सांगायला कुणाची जीभ रेटली नाही. माझी, त्यांच्या शेजारणीचीही नाही.

पार्सल पोचल्यावर आचलचा फोन आला.

स्वेटर बाबांना आता सैल होतोय, म्हणाली.

प्रमिलाबाईंनी आता दुसरा विणायला घेतलाय. थोडा बेताचा. त्यांना भेटायला जायचं मी रोज ठरवते...

पाय निघत नाही.